आत कोणीही असो

माणसांच्या ऐवजी पोशाखांची नोंदणी करावी, ही कल्पना माझी होती. अर्ज मीच लिहिला, चौकीत नेऊन मीच दिला, आणि तो मान्य झाल्यावर सगळ्यांना चहाही मीच पाजला. त्या चहानंतर आमच्यातलं कोणीच फार दिवस सुपरहिरो राहिलं नाही.

सुपरहिरो म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. पुण्यात तेव्हा मॉल नवे होते. लोक खरेदीला कमी आणि सरकता जिना बघायला जास्त यायचे. त्या जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून पोरांशी हात मिळवायला, फोटो काढून घ्यायला आणि शनिवार-रविवारी आयटीवाल्यांच्या सोसायट्यांत वाढदिवसांना जायला मुखवटा घातलेली माणसं लागायची. ती माणसं आम्ही. मी बी.कॉम. होऊन वर शहाण्यासारखा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि कोर्स संपायला नि त्या धंद्यात मंदी यायला एकच गाठ पडली. अमेरिकेतली मंदी माझ्या डोक्यावर पडली, असं मी घरी म्हटलं. वडील म्हणाले, तू लहानपणीच डोक्यावर पडला होतास, उगाच अमेरिकेला दोष देऊ नकोस.

कसबा पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी बँडवाल्यांचे गणवेश शिवणारा एक शिंपी होता. असल्या कार्यक्रमांना माणसं पुरवणाऱ्या एका एजंटानं त्याच्याकडे परदेशी चित्रं दिली आणि तसे पोशाख शिवायला सांगितले. शिंप्यानं चित्रं नीट पाहिली आणि हाताला सवय होती तसे शिवले. त्यामुळे आमच्या सगळ्या हिरोंच्या खांद्यावर सोनेरी झालर होती. पिवळं सॅटिन उरलं, त्यातून त्यानं स्वतःच्या मनानं एक जादा पोशाख काढला, कुठल्याच चित्रात नसलेला. तो अंगाला बसणारा आणि दिवसभर रिकामा असणारा गल्लीतला एकमेव माणूस मी. पोरं निळ्याला, लाल्याला लांबून ओळखून हाका मारायची आणि माझ्यापाशी येऊन विचारायची, "तू कोण?" ह्याचं उत्तर मला मुखवटा काढूनही देता येत नसे, तर आतून काय देणार.

आम्ही एकमेकांना रंगावरूनच हाक मारत असू. निळ्याला मात्र निळेसाहेब, कारण ते पन्नाशीच्या पुढचे होते. कारखान्यात फोरमन होते, युनियनचे पुढारी होते. कंपनीनं नवी यंत्रं आणली, जुनी माणसं व्हीआरएस देऊन घरी बसवली, त्यात तेही बसले. विश्रांतवाडीला त्यांची कॉलनी होती आणि तीत सगळे त्यांच्याच खात्यातले. ते रस्त्यानं निघाले की ओट्यावरचे लोक अजून उठून उभे राहायचे. तिथे त्यांनी मॉलमध्ये सुपरवायझर आहे असं सांगितलं होतं. खरं काय ते फक्त बायकोला ठाऊक. पोशाख घरी न्यायची आमच्यात पद्धत होती. ज्याचा त्यानं धुवायचा, उसवला तर टाचायचा. त्या माउली पोशाखाची पाठीवरची निळी झूल धुऊन दोरीवर चादरीखाली लपवून वाळत घालायच्या. त्यामुळे ती नीट वाळायची नाही, आणि पावसाळ्यात निळेसाहेबांना थोडा कुबट वास यायचा. पण उभे राहायचे काय रुबाबात. छाती पुढे, हात कमरेवर. युनियनच्या गेट मीटिंगला उभे राहायचे तसेच.

लाल्या यवतमाळकडचा. येरवड्यात एका खोलीत कॉट बेसिसवर राहायचा, म्हणजे खोली आठ जणांची आणि ह्याची त्यातली फक्त खाट. आणखी एक हिरवा होता, फोमचे दंड लावलेला कॉलेजचा पोरगा. त्याला मतं नव्हती, भूक होती.

अशात शहरात कुठेतरी एक बेवारस पिशवी सापडली. तिच्यात जुने कपडे निघाले म्हणे, पण तोवर पळापळ होऊन गेली होती. मग पोलिसांकडून निघालं की गर्दीच्या ठिकाणी तोंड झाकून काम करणाऱ्यांनी चौकीत नाव नोंदवायचं. मुखवट्याशिवायचा फोटो द्यायचा, पत्त्याचा पुरावा द्यायचा, शिपाई घरी येऊन शेजारीपाजारी चौकशी करणार, आणि मग कार्ड मिळणार. तो काही कायदा नव्हता, नुसता आदेश होता. पण आम्ही कायदाच म्हणायचो. आदेशाविरुद्ध लढण्यात शोभा नसते.

आमची सभा मॉलच्या तळघरात, जनरेटरच्या शेजारी भरली. कपडे बदलायची जागा तीच होती. निळेसाहेबांनी मुखवटा काखेत धरून भाषण केलं. आज फोटो मागतात, उद्या बोटांचे ठसे मागतील, कामगारानं एकदा मान तुकवली की ती तुकलेलीच राहते, वगैरे. भाषण चांगलं होतं. त्यातलं न बोललेलं वाक्य एवढंच होतं की शिपाई कॉलनीत येऊन दारोदार विचारेल, इथे तो निळे कपडे घालून पोरांपुढे नाचणारा राहतो का.

लाल्याला नेमकं उलटं हवं होतं.

"मले कोणी इचारलं ना, तू कोण, तं दाखवाले कागद नाई माह्यापाशी," तो म्हणाला. "खोलीवाला मांगते, मोबाइलवाला मांगते. सरकार स्वतःहून फोटोवालं कार्ड देऊन राह्यलं, तं घ्या ना."

"तुझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, म्हणून तुला दाखवायची हौस," निळेसाहेब म्हणाले.

"लपवाले घर लागते, साहेब."

निळेसाहेबांनी काखेतला मुखवटा चढवला आणि ते जिन्याकडे निघाले.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. हे एक वेळ चाललं असतं, पण वाढदिवसाच्या कार्यक्रमात त्यांची एक खोटी मारामारी असायची. लाल्या खलनायक होऊन केक पळवायचा, निळेसाहेब झडप घालून तो सोडवायचे. त्या आठवड्यात एका सोसायटीच्या क्लबहाउसात ती मारामारी खरी झाली. लाल्यानं झूल ओढली, निळेसाहेबांनी त्याचा मुखवटा पिरगाळून मागच्या बाजूला नेला, आणि दोघं मिळून फुग्यांच्या कमानीवर पडले. मधे पडायला म्हणून मी गेलो, तर एका लहान मुलीनं मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, तू नाहीयेस ह्यात. पोरं बेहद्द खूश होती. मुलाच्या आईनं पुढच्या वर्षीचं बुकिंग जागेवर केलं. पण टेम्पोतून परत येताना निळेसाहेब खिडकीबाहेर बघत होते आणि लाल्या हनुवटीवरचं रक्त झालरीनं पुसत होता, आणि मला वाटलं, आता हे मोडणार.

इथे मी गप्प बसलो असतो तर काय झालं असतं, हे मी पुष्कळदा मनाशी मांडून पाहिलं आहे. फार तर एक जण गेला असता, एक जण राहिला असता. पण मी पडलो कोर्स केलेला. डेटाबेसच्या तासाला मास्तरांनी शिकवलं होतं की नोंद अशा गोष्टीची ठेवावी जी बदलत नाही. माणूस बदलतो, पत्ता बदलतो. पोशाख बदलत नाही. मग पोशाखालाच नंबर द्या. निळा एक, लाल दोन, हिरवा तीन, पिवळा चार. निळेसाहेबांच्या दारात शिपाई जाणार नाही, आणि लाल्याला नंबर का होईना, सरकारी काहीतरी छातीवर लावायला मिळेल. मला ही कल्पना बसमध्ये सुचली, आणि मी इतका खूश झालो की माझा थांबा मागे गेला.

दोघांनाही ती पटली. निळेसाहेबांना पटकन, लाल्याला जरा रेटून. कार्ड नाही का भेटणार, असं त्यानं दोनदा विचारलं. मी म्हटलं, पुढच्या टप्प्यात. हा शब्दही मी कोर्सातच शिकलो होतो.

चौकीतल्या साहेबांच्या टेबलावर भाडेकरूंच्या कागदांचा आधीच ढीग होता आणि घरोघर पाठवायला त्यांच्याकडे शिपाई नव्हता. त्यांनी माझा अर्ज सावकाश वाचला आणि विचारलं, "आत माणूस कोण असेल?"

"आत कोणीही असो, साहेब," मी म्हणालो. "जबाबदारी पोशाखाच्या मालकाची."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे प्रथमच माणसाकडे बघतात तसं बघितलं. असे चार लोक असते तर आमचं काम हलकं झालं असतं, असंही म्हणाले. हे वाक्य मी नंतर कित्येक दिवस वेगवेगळ्या लोकांना ऐकवलं.

शिंप्यानं छातीवर पांढऱ्या कापडाचे नंबर शिवून दिले. एजंट फार सभ्य माणूस होता, आवाज कधी चढवायचा नाही. तो एवढंच म्हणाला की पोशाखांचा मालक मी, जबाबदारी माझी, तर वस्तू माझ्या कपाटात असलेल्या बऱ्या. तेव्हा पोशाख आणून ठेवा, कार्यक्रमाच्या दिवशी घेत जा. ह्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. निळेसाहेबांनी आपला पोशाख इस्त्री करून, साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून आणला. झुलीची घडी अशी होती की लग्नातला शालू असावा.

पुढच्या शनिवारी मी तळघरात गेलो तेव्हा निळेसाहेब तयार होऊन, पाठमोरे उभे होते. मी म्हटलं, "काय साहेब, आज आमच्या आधी?" त्यांनी वळून हात केला आणि "हाय" म्हणाले. आवाज वीस वर्षांचा होता. एवढ्यात जिन्यावरून खरे निळेसाहेब उतरले, पँट-शर्टात, हातात डबा. ते थबकले. त्या पोराचा काही दोष नव्हता. त्याला कोणीतरी पॉकेटमनी देतो म्हणालं आणि तो आला. त्यानं आदरानं बाजूला होऊन त्यांना वाट दिली, बहुधा मॉलचे कोणी अधिकारी समजून.

निळेसाहेब वर आले आणि सरकत्या जिन्यापाशी गर्दीत उभे राहिले. पोरानं तिथे कोलांटी मारली. ती त्यांना कधीच जमली नव्हती, गुडघे होते ना. एक लहान मुलगा त्यांच्या पायाला घासून निळ्याकडे धावत गेला. मी पिवळ्या मुखवट्यातून म्हणालो, आपण तक्रार करू, ताबडतोब करू.

"कशाची?" ते म्हणाले. "नंबर बरोबर आहे."

मग डबा काखेत धरून ते बसस्टॉपकडे गेले.

एजंटाकडे मी भांडायला गेलो खरा. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, माझ्याच अर्जाची प्रत पुढे सरकवली आणि नम्रपणे विचारलं की ह्यात माणसाबद्दल कुठे काही लिहिलं आहे का. नव्हतं लिहिलेलं. मी स्वतःच ते मोठ्या चतुराईनं टाळलं होतं. लालही लवकरच दुसऱ्याच्या अंगावर गेला. कार्ड तर आलंच नाही. खोलीवाल्यानं कागद मागितला आणि लाल्यानं खाट सोडली. कोणी म्हणालं सुरतेला गेला, कोणी म्हणालं गावी. जाताना तो मला भेटला नाही. हिरव्याला परीक्षा होती. पिवळ्या पोशाखासाठी मात्र दुसरा माणूस आणावा लागला नाही, कारण त्याला कोणी मागतच नव्हतं.

माझं भलं झालं. एजंटाच्या ओळखीच्या एका कंपनीत यंत्रं कशी वापरावी हे सोप्या भाषेत लिहून देणारा माणूस हवा होता. नमुना म्हणून त्यानं माझा तो अर्ज दाखवला. मी आजवर जे काही लिहिलं त्यात परिणाम झाला असा तेवढाच एक कागद, त्यामुळे निवड योग्यच म्हणायची. गळ्यात फोटोचं कार्ड आलं. कॅंटीनला गेलो तरी ते दाखवावं लागे, आणि दाखवताना दर वेळी मला लाल्याची खाट आठवे.

वर्ष गेलं असेल. नोकरीत जरा स्थिर झाल्यावर माझ्या मनात आलं की आम्ही सगळ्यांनी मिळून स्वतःचीच संस्था काढावी. पोशाख आपले, नंबर आपले, मधे एजंट नाही. चार पानांची योजना लिहून काढली. सुबक झाली होती. रविवारी सकाळी ती घेऊन विश्रांतवाडीला गेलो, कॉलनी विचारत विचारत घर शोधलं. बायकोनं दार उघडलं, साखळी न काढता. साहेब आहेत का, मी विचारलं. ड्यूटीवर आहेत, त्या म्हणाल्या. समोरच्या नव्या सोसायटीच्या गेटवर, वॉचमन. येताना लागलं असेल बघा.

लागलं होतं. गेटवर एक गणवेशातला माणूस उभा होता, छातीवर नावाची पट्टी. मी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं, त्याला फक्त रस्ता विचारला होता. आणि त्यानं मला रस्ता बरोबर सांगितला होता.

त्या सांगत होत्या की कॉलनीतले सगळे जातायेता तिथूनच जातात. पहिले काही दिवस लोक थांबायचे, काय साहेब म्हणायचे. आता मान खाली घालून निघून जातात. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या कागदांवर गेली.

"आपणच का ते अर्ज लिहिणारे?"

मी हो म्हणालो. जुन्या सवयीनं जरा अभिमानानंच.

"ह्यांनी सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या, "तो हुशार माणूस आला तर दारातूनच परत पाठव. आत घेतलंस तर त्याला आणखी काहीतरी सुचेल."