भिंतीवरची पळी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. तिकाटण्यावर कुणीतरी उतरून टाकलेला नारळ घरी आणून त्याची चटणी केलेली बाई आहे मी. नवऱ्याने त्या दिवशी नुसत्या दह्याशी भाकरी खाल्ली. मी चटणी संपवली आणि माझं साधं पोटसुद्धा दुखलं नाही. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आले. माझ्यावर लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं... पण बदली झाली, आणि हे कुठेतरी सांगून टाकल्याशिवाय त्या शाळेतून पाय निघेना.

शाळा माण तालुक्यात, दहिवडीपासून बरीच आत. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. जिल्हा परिषदेच्या दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. पहिली ते चौथी. बहुतेक पोरांचे बाप मुंबईला, गावच्या जत्रेला तेवढे दिसणार. आम्ही दोन शिक्षक. सर पहिली-दुसरी सांभाळायचे, तिसरी-चौथी माझ्याकडे.

माझी एक पद्धत होती. एक मेला झेंडावंदन आणि निकाल. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे वर्गाच्या शेवटच्या दिवशी, मी सगळ्या शाळेची उंची मोजायची. वजन-उंचीचं सरकारी काम वेगळं, हे आमचं घरचं. दारामागच्या भिंतीला पोरांना पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि गेरूने रेघ ओढायची. पहिलीतल्या पोरांना नाव धड लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येकाने रेघेशेजारी आपली एक खूण काढायची. कुणाचा मासा, कुणाचं मेंढरू, कुणाचा ट्रॅक्टर. तीच खूण चौथीपर्यंत. आपण वर्षभरात केवढे वाढलो हे बघताना पोरांचे चेहरे असे फुलायचे की बास.

श्रावणीची खूण पळी होती. तिची आई सुरेखा शाळेत खिचडी शिजवते, म्हणून पळी. एक उभी रेघ आणि तिच्या टोकाला गोल, पण गोल वरच्या बाजूला. मी म्हटलं, अगं उलटी झाली की पळी. तर म्हणाली, "न्हाई बाई, आई धुऊन अशीच अडकावती."

पहिली संपली आणि त्याच सुट्टीत श्रावणी गेली. ताप डोक्यात गेला. साताऱ्याला नेलं, पण उशीर झाला होता. एकुलती एक पोर. जूनमध्ये सुरेखा परत चुलीपुढे उभी राहिली. ती कुणाशी बोलत नव्हती, तेवढं सोडलं तर सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं.

पुढच्या वर्षी शेवटच्या दिवशी उंची मोजली, पोरं हुंदडत घरी गेली. मी खिडक्या लावून दार ओढायला गेले आणि दारामागे बघितलं. श्रावणीच्या जुन्या रेघेच्या चार बोटं वर नवी रेघ होती, शेजारी उलटी पळी. गेरू ओला होता. बोट लावलं तर बोटाला आला.

मला राग आला. पोरांची चेष्टा, दुसरं काय. सुरेखाच्या नजरेला पडू नये म्हणून ओल्या फडक्याने पुसून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना झाडून विचारलं. कुणी कबूल होईना. पोरांचं खोटं मला लांबून कळतं हो, वीस-बावीस वर्षं तेच करते आहे. पण ती खोटं बोलत नव्हती.

त्याच्या पुढच्या वर्षी गेरूची डबी मी मोजणी झाल्या झाल्या पर्समध्ये टाकली. पोरं गेली, मी व्हरांड्यात सरांशी दोन शब्द बोलले आणि परत आत आले. रेघ होतीच, आणखी वर. आणि मला जे खटकलं ते असं, की पळीचा गोल आता गोल होता. पहिलीत तिने बटाट्यासारखा काढला होता. हात वळला होता तिचा... म्हणजे, ज्याचा कुणाचा असेल त्याचा. मी याही वेळी पुसलं. सरांना सांगितलं नाही. त्यांनी लगेच भटजी बोलावला असता, आणि मग वाडीतल्या लोकांनी पोरंच पाठवली नसती.

तिसरं वर्ष. श्रावणी असती तर चौथीत असती, म्हणजे आमच्या शाळेतलं शेवटचं वर्ष. तिच्या सोबतच्या पोरी जूनपासून सायकलवर हायस्कूलला जाणार होत्या. मोजणी झाली, वर्ग रिकामा झाला. यावेळी मी दाराकडे जायचं टाळत टेबल आवरत बसले. तेवढ्यात सुरेखा हात पुसत आत आली, सरळ दारामागे गेली आणि भिंतीकडे बघत राहिली.

"लय वाढली की वो औंदा," ती म्हणाली.

मी उठून बघितलं. रेघ होती. सुरेखाने मग हळूहळू सांगितलं, की तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. मी पुसायच्या आधी ती खिडकीतून बघून जायची. माझ्या डोक्यात तेव्हाच आलं, की हे हीच करते आहे. बिचारीच्या मनाचा खेळ, आणि त्यात तिची चूक तरी काय? मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती मात्र वेगळ्याच काळजीत होती.

"बाई, औंदा ती चौथी पास हुनार. मग हितं कशाला यील?" ती म्हणाली. "उद्या निकाल सांगताना तिला नापास करा. माजी पोर एक वरीस ऱ्हाऊ द्या हितं."

चौथीत नापास करायची पद्धत बंद होऊन जमाना झाला, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कुणाला सांगत होते मी नियम?

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं. व्हरांड्यात उभी राहून मी एकेक नाव घेत होते, पास म्हणत होते, पोरं टाळ्या वाजवत होती. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुरेखाकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हटलं, "श्रावणी... नापास." टाळी वाजली नाही. झाडावरचे कावळेसुद्धा गप्प होते, की मलाच तसं वाटलं, देव जाणे. देव मी मानत नाही, पण सवयीने येतं तोंडात.

वर्ष गेलं. पुन्हा शेवटचा दिवस, पुन्हा मोजणी. या वेळी पोरं गेल्यावर सुरेखा आणि मी दोघी मिळून दारामागे गेलो. मी गेल्या वर्षीची रेघ पुसली नव्हती. तिच्या वर भिंत कोरी होती. सुरेखाचा चेहरा पडला. मग मीच वाकून बघितलं. रेघ ओली होती. जुन्या रेघेवरच, बरोब्बर तिच्यावरच, नवी रेघ ओढलेली. पळीचा गोलही जुन्या गोलावर गिरवलेला.

"वाढली न्हाई," सुरेखा म्हणाली.

एखादं वर्ष पोरं वाढत नाहीत, पुढच्या वर्षी एकदम वाढतात, असं काहीतरी मी बोलले. पालकांना नेहमी सांगते तेच. तिने ऐकलंच नाही. पोरीच्या डोक्यावरून फिरवावा तसा रेघेवरून हात फिरवत होती. गेरू तळव्याला लागला.

"तिच्या संगतीच्या पोरी पाचवी शिकल्या, बाई. माज्यापायी हीच तेवढी मागं ऱ्हायली. उद्या पास करा तिला."

"मग ती येणार नाही, सुरेखा."

"न्हाई आली तर न्हाई," ती म्हणाली. "पर वाढू द्या तिला."

त्या एक मेला मी श्रावणीचं नाव सगळ्यांत आधी घेतलं आणि मोठ्यांदा म्हटलं, पास. बहुतेक पोरांनी तिला पाहिलंही नव्हतं, पण पास म्हटलं की टाळ्या वाजवायच्या हे त्यांना ठाऊक. दणकून वाजवल्या. सुरेखा डबा घेऊन आली आणि प्रत्येक पोराच्या हातावर चिमूटभर साखर ठेवत गेली. सरांनी विचारलं, कसली? ती म्हणाली, पोरगी पास झाली. सर माझ्याकडे बघू लागले. मी साखर तोंडात टाकली, पण मला रडू आवरेना.

यंदा शेवटच्या दिवशी भिंतीवर नवीन काही नव्हतं. आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो. मग सुरेखाच म्हणाली, "चला बाई. आता सहावीत गेली असंल." मी दार ओढून कुलूप लावलं. आठवड्यात माझी आंतरजिल्हा बदली पलूसला झाली.

तुम्ही म्हणाल, आईच काढत होती रेघा. नवऱ्याचंही तेच मत आहे, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मीही तेच म्हटलं असतं. फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. सुरेखा काढत असती, तर त्या वर्षी तिने पोरगी वाढवली नसती का? कुठली आई आपल्या हाताने रेघ तिथल्या तिथे ओढेल? याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर खरंच सांगा.