दत्ताची वावडी आणि भंगारातल्या चार कप्प्या

आम्ही कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातले चौघं जमलो, की मशिनचं बोलणं पाच मिनिटं आणि वावडीचं तासभर! दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट, पण अजून एक किस्सा संपायच्या आत दुसरा तोंडावर येतो.

वावडी म्हणजे पुरुषभर उंचीचा पतंग. भांडगावचा आमच्यातलाच फिटर दत्ता तिला दोन दोऱ्या लावून, हातातल्या आडव्या दांड्यानं डावी-उजवीकडं वळवायचा. दर नागपंचमीला शेजारच्या खुटबाव गावाशी चढाओढ, आणि दरवेळी दत्ताचीच वावडी आधी खाली. त्याचे वडील, आप्पा, भयंकर वैतागलेले. "औंदा नागपंचमीला खुटबावकरांच्या आधी पडली, तर बांबू चुलीत घालीन. मग कवाच न्हाई!" आणि आप्पा बोलले म्हणजे घालणारच.

पहिला दांडा सायकलच्या हँडलचा. आखूड! दत्ता घामाघूम, वावडी मात्र ढिम्म. मग त्यानं चार फुटी पाइप धरला. जरा मनगट हललं, की वावडी गरकन कोलांटी खाऊन बाजरीत! शेजारचे मामा ओरडले, "आरं, पतंग उडवतुयस का बाजरी मळतुयस?"

अडीच फुटावर जमलं. पण वारा वाढला, की हात खांद्यातनं उपटून यायचे. म्हणून कारखान्याच्या भंगारातल्या चार कप्प्या मागितल्या. स्टोअरकीपर नियमाचा पक्का. गेटपासवर 'कारण' लिहिल्याशिवाय सोडेना. शेवटी त्यानंच लिहिलं, 'हवामान दुरुस्ती'! वॉचमननं सलाम ठोकून गेट उघडलं.

कप्प्या दांड्यापाशी लावल्या. ओढायला एकदम हलकं झालं, पण खाली दोन वीत ओढावं, तेव्हा वर वावडीला एक वीत कळायचं. दत्ता म्हणाला, "आत्ता वढलं, तर ही जेवणाच्या सुट्टीत वळती!"

मग कप्प्या वर गेल्या, वावडीला पुढून बांधतात त्या दोऱ्यांत. वाऱ्याचा झोत आला, की ती आपसूक मान तुकवायची आणि हातावरची ओढ कमी व्हायची. पण आम्ही पडलो मेंटेनन्सवाले! फिरणारं काही दिसलं, की ग्रीस. भसाभसा थापलं. त्यात रानातली धूळ बसली, कप्प्या अडकल्या आणि वावडीबाई तिरक्या मानेनं थेट उसात. पंचमीला दोनच दिवस उरलेले. चौघांनी बसून कप्प्या रॉकेलनं धुतल्या आणि ग्रीसशिवाय, कोरड्याच परत बसवल्या.

पंचमीला वारा असा सुटला, की टोप्या उडाल्या. खुटबावकरांची जंगी वावडी दुपारीच खाली आली. आमची वर, डुलतेय! आम्ही नाचलो, शिट्ट्या मारल्या. दत्ताचे डोळे भरले. आप्पा जवळ आले, म्हणाले, "जरा धरू दे." धरला दांडा, आणि सोडेचनात.

दिवस कलल्यावर खुटबावचे चार लोक चालत आले. "लई भारी! कुणाची म्हणायची ही वावडी?"

दत्ता पुढं झाला. आप्पा वर बघतच म्हणाले, "माझी."