टेकून उभा राहणारा जावई

जावई आगीच्या बंबावर आहे खरा, पण आगीत जात नाही, नुसता गाडीला टेकून उभा असतो, असं सासूबाई चारचौघांत सांगत सुटायच्या. आता आठवलं की त्यांचं त्यांनाच हसू येतं. लेकीकडे राहायला आल्या की आरामखुर्चीही त्याच बळकावायच्या. म्हणायच्या, "उभं राहून कोण दमतं?"

मग एका दुपारी त्यांच्याच इमारतीत आग लागली आणि धाकटी लेक तिसऱ्या मजल्यावर अडकली. जवान पाण्याची नळी घेऊन वर धावले. जावई मात्र पंपापाशी, पाण्याच्या दाबाच्या काट्यावर डोळे लावून उभा!

"अहो, मेहुणी आहे ना तुमची? जा की वर!"

"आई, मी हललो तर वरच्यांच्या हातातली धार तुटेल. टाकीतलं पाच हजार लिटर बघता बघता संपतं." बोलता बोलता त्याने दुसऱ्या गाडीचं पाणी जोडून घेतलं. धार तसूभरही कमी झाली नाही.

थोड्या वेळाने धाकटी काजळी फासल्यासारखी, पण धडधाकट खाली आली. सासूबाईंच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी सगळे जावयाच्या घरी आले. सासूबाई सवयीने खुर्चीकडे वळल्या.

"आई," जावई म्हणाला, "उभं राहून कोण दमतं?"

धाकटी खो खो हसली. सासूबाई खुर्ची त्याच्याकडे सरकवून सतरंजीवर बसल्या.