शिडी धरणारे आबा

सुप्याच्या एका कंपनीत मला नोकरी लागली, तीही परमनंट, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्या तिसगावात पेढे वाटले. नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. तोवर मी पेंटर होतो. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंती, म्हणाल ते. चौदा एप्रिलच्या आधी आमच्या विहाराची पाटी दरवर्षी मीच नव्यानं रंगवायचो आणि खाली शिडी धरायला आबा असायचे.

पण पेंटरला विचारतो कोण? कंपनीचा पगार तिप्पट, वर निळा ड्रेस, खिशावर कंपनीचं नाव. आबा जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. गावातल्या ज्या हॉटेलात त्यांनी बाहेर उभ्यानं चहा प्यायला होता, तिथं आता "या, बसा" म्हणायला लागले. आबा बाकड्यावर बसायचे आणि दोन घोटांचा चहा अर्धा तास पुरवायचे. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि माझं काम काय, तर पट्ट्यावरून येणारी झाकणं बघायची. वाकडं दिसलं की उचलायचं, टोपलीत टाकायचं. आठ तास हेच! शप्पथ सांगतो, महिन्याभरात झोपेतसुद्धा झाकणं दिसायला लागली. जेवण जाईना, कुणाशी बोलावंसं वाटेना. वर्षभर कसंबसं काढलं आणि एका सकाळी राजीनामा देऊन मोकळा झालो. नगरला एसटी स्टँडसमोर एका पेंटरच्या दुकानात लागलो. हातात ब्रश आला तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

आबांना मात्र कोणत्या तोंडानं सांगणार? नाहीच सांगितलं. ड्रेसचा एक जोड माझ्याकडे राहिला होता. सुट्टीला गावी जाताना घाईघाईत हात पुसायचो आणि तो अंगात चढवायचो.

"कंपनी काय म्हनती?" आबा विचारायचे.

"बरी हाय," मी म्हणायचो.

रात्री काढून ठेवलेला ड्रेस सकाळी धुऊन दोरीवर असायचा. आबाच धुवायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, केवढा मिरवतोय म्हातारा! यांच्या त्या बाकड्यापायी मला असं चोरासारखं जगावं लागतंय, असं म्हणून मी मनातल्या मनात चडफडायचो. काय नालायक होतो मी.

असं दोन वर्षं चाललं. मग आबा गेले. रानातून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागीच गेले. आईनं धाडलेला माणूस मला घ्यायला थेट नगरच्या दुकानात आला. त्या गडबडीत माझ्या काही लक्षात आलं नाही.

आबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, तेव्हा आठवलं. आईला विचारलं, "तुला दुकान कुनी सांगितलं?"

"यांनीच," आई म्हणाली. "पहिल्याच वर्साला ड्रेसच्या बाहीवर लाल रंग बघितला त्यांनी. मला म्हनले, हा कंपनीतला डाग न्हाई. सुप्याला जाऊन आले. गेटवरचा मानूस म्हनला, पोरगं कवाच सोडून गेलं. येताना गाडी बदलाया नगरला उतरले, तर समोर तू शिडीवर. गानं म्हनत पाटी रंगवीत हुतास म्हनं."

"मग मला हाक का नाही मारली?"

"म्हनले, लई दिसांनी पोरगं खुशीत दिसलं. तवापासनं रॉकेल लावून डाग काढायचे. गावात कुनाला कळाया नको, आन् त्यांना कळलंय हे तुलाबी कळाया नको."

मी भिंतीला डोकं लावून ढसाढसा रडलो. दोन वर्षं मी त्यांना फसवतोय असं समजत होतो, आणि ते माझं खोटं घासून घासून स्वच्छ करत होते.

आई मग म्हणाली, "त्या दिशी घरी याया लई उशीर झाला त्यांना. म्या इच्चारलं, एवढा येळ कुठं हुता? तर म्हनले, शिडी धराया कुनी नव्हतं. त्यो खाली उतरंस्तवर रस्त्याच्या पल्याड उभा राह्यलो."