मॅडम, कॉलेजात रोज या लागते का?

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. सरकारी कॉलेजात ॲडमिशनच्या खिडकीमागे खुर्ची टाकून बसा. बस्स! जून संपता संपता खिडकी उघडायची आणि जुलैअखेर ती बंद होईपर्यंत वर्षभर पुरतील एवढे किस्से आपोआप जमायचे. मी तर त्या खिडकीवर ऐंशीच्या दशकातली जवळजवळ सगळी वर्षं काढली. अजूनही लग्नात, बसस्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत कोणी ना कोणी भेटतं आणि म्हणतं, "मॅडम, तो ढोराच्या डॉक्टरचा किस्सा सांगा नं!"

सांगते. पण आधी ऑफिस समजून घ्या. कॉलेज मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या भागातलं. कोणतं ते नाही सांगत, अर्धे माजी विद्यार्थी भांडायला घरी येतील! ऑफिसात ठोंबरे नावाचे हेडक्लार्क, त्यांना सगळे 'बडे बाबू' म्हणत. आतल्या खोलीत प्रिन्सिपल साहेब. ते तिकडले, रीवा बाजूचे, मराठीचा एक शब्द कळत नसे. फॉर्म हिंदीत, साहेब हिंदीत, पोट्टे मराठीत आणि मधे मी. पण प्रश्नाला घाबरले असं कधी झालं नाही. नियमांची फाईल मला तोंडपाठ होती. विचारा काय विचारायचं ते!

*

पहिल्याच वर्षी रामाकोन्याचा एक उंच पोरगा खिडकीशी आला. घरी संत्र्याचा बगीचा; संत्र्याला वर्षात दोन बहार, म्हणजे फळांचे दोन हंगाम. फॉर्म घेतला, घडी केली, खिशात ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, कॉलेजात रोज या लागते का?"

"म्हणजे काय? रोजच यावं लागतं!"

"तसं नाही जी. आंबिया बहाराले सुट्टी भेटते का मृग बहाराले? एका बहाराले तं घरी राहाच लागते मले."

आता हे काही माझ्या फाईलीत नव्हतं. मी आत गेले आणि साहेबांना विचारलं, "सर, एक लड़का पूछ रहा है, बहार की छुट्टी मिलेगी क्या?"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "बहार की छुट्टी? वाह! लड़का शायर है क्या?"

मी समजावायला तोंड उघडलं, तर साहेब म्हणाले, "उससे कहिए, वसंत पंचमी को छुट्टी रहती है। उस दिन जी भर के बहार मनाए!"

मी निरोप जसाच्या तसा दिला. पोरगा बोटांवर काहीतरी मोजायला लागला. मग म्हणाला, "एका दिवसात किती झाडं होतीन जी?"

*

एकाला विषय ठरवता येईना. आर्ट्स घेऊ का कॉमर्स? तीन दिवस हेच चाललं होतं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "अरे, तुला आवडतं काय?"

"कॉमर्सचा वर्ग कुठी भरते?"

"वरच्या मजल्यावर, टिनाखाली."

"अन् आर्ट्सचा?"

"मागे, कडुलिंबाजवळच्या खोलीत."

"मंग आर्ट्स लिहा!"

आता तो लोधीखेड्याकडे मास्तर आहे. उन्हाळ्यात वर्ग कुठं भरवतो ते सांगायला पाहिजे का?

*

मूळ निवासीचा दाखला ही आमच्याकडची मोठी भानगड. सरहद्द अशी की एका बांधावर एमपी, दुसऱ्यावर महाराष्ट्र. बोलणं तेच, जेवण तेच, सोयरे तेच. फरक फक्त दाखल्यात!

एक पोरगा आला. घाबरलेला. म्हणे, "मॅडम, आमचं घर एमपीत आहे अन् वावर महाराष्ट्रात. मी कोठचा?"

मी म्हटलं, "जिथं राहतोस तिथला."

"मी दोन्हीकडे राहतो जी. उन्हाळ्यात वावरात झोपतो. पाणी पडलं का घरी येतो."

मागून रांग ओरडायला लागली. मीही अडकले. नियमात 'स्थायी निवास' असं लिहिलेलं, आणि हा तर हवामान पाहून राज्य बदलणारा!

बडे बाबू बाहेर जाऊन पान थुंकून आले, खुर्चीवर बसले आणि खिडकीकडे न पाहताच विचारलं, "आज महिना कोणता?"

"जुलै जी."

"पाणी पडून राहिलं का नाही?"

"पडून राहिलं."

"मंग आज तू एमपीचाच आहे. भर फॉर्म!"

*

आमची पोरं येत छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं. ती गाडी म्हणजे अशी की मधे कोणाची टोपी उडाली तर तो उतरून, टोपी घेऊन, पुन्हा चढे. त्यामुळे दर जुलैत प्रश्न ठरलेला, "गाडी लेट आली तं हजेरी भेटते का?"

साहेबांनी नियम काढला. गाडी खरंच लेट असेल तर स्टेशनवरून तसं लिहून आणा, त्याशिवाय हजेरी नाही! त्यांना वाटलं, आता पोरं गप्प बसतील.

दुसऱ्याच दिवशी पोरांनी चिठ्ठी आणली. सही होती, शिक्का होता. 'गाड़ी चालीस मिनट लेट थी।' खाली अकरा पोरांची नावं, नीट अनुक्रमांक टाकून. मी वाचत वाचत शेवटपर्यंत गेले. बारावा नंबर वेगळ्या शाईत होता. अर्थशास्त्राचे सर! ते लोधीखेड्याहून त्याच गाडीनं येत.

चिठ्ठी आत नेली. साहेबांनी वाचली. बारावं नाव पाहिलं. बाहेर व्हरांड्यात सर मान खाली घालून उभे, त्यांच्या मागे अकरा पोरं.

साहेब म्हणाले, "मैडम, सबकी हाजिरी लगा दीजिए। जब पढ़ाने वाला ही गाड़ी में था, तो क्लास वहीं लग गई होगी!"

*

आता तो ढोराच्या डॉक्टरचा.

ॲडमिशनसाठी चरित्र प्रमाणपत्र, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागे, आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. पोरांना वाटायचं, हा कोणी राजवाड्यातला माणूस असेल. एका पोरानं मला विचारलं, "मॅडम, असा माणूस आमच्या गावाकडे कुठी भेटन?"

मी म्हटलं, "अरे, गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टरही राजपत्रित असतात. ते ओळखतात का तुला?"

"ओळखते म्हणजे! आमच्या बैलाले तेच सुई लावते."

"मग जा त्यांच्याकडे."

तो गेला. त्या दिवशी बाजार होता आणि डॉक्टरांकडे ढोरांची गर्दी. त्यांच्याजवळ साधा कागद नव्हता. जनावरांच्या दाखल्याचे छापील कागद मात्र गठ्ठाभर. भला माणूस! त्यांनी त्यातलाच एक ओढला, 'पशु' हा छापील शब्द खोडून वर 'छात्र' लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि पुढची गाय घेतली.

घाईत एक ओळ खोडायची राहून गेली.

पोरानं कागद खिडकीतून आत सरकवला. मी वाचला. मग पुन्हा वाचला. मग तोंडाला पदर लावून बडे बाबूंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली: "प्रमाणित किया जाता है कि उक्त छात्र को मैंने स्वयं देखा है। उक्त पशु संक्रामक रोग से मुक्त, शांत स्वभाव का, तथा एक स्थान से दूसरे स्थान ले जाने योग्य है।"

पोरगा रडकुंडीला आला. त्या दिवशी तारीख संपत होती, आणि गुरांचा दवाखाना दुपारीच बंद झाला होता.

"मॅडम, चालत नाही का जी?"

बडे बाबूंनी कागद उलटा केला, सुलटा केला, शिक्का पाहिला. मग म्हणाले, "चरित्र म्हणजे काय शेवटी? शांत स्वभाव. लिहिलेलं आहे. वरून तब्येतीचीही गॅरंटी आहे! लावा मॅडम फाईलले."

पोरगा तीन वर्षं शिकला. डॉक्टरांचं प्रत्येक अक्षर खरं निघालं. एवढा शांत पोरगा कॉलेजात दुसरा नव्हता!

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, म्हणजे एकमेकांना गोटे मारायची जत्रा. जाम नदीच्या ह्या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. तिसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजात दोन्हीकडची पोरं डोक्याला पट्ट्या बांधून एकाच बाकावर बसलेली. राग नाही, लोभ नाही. डबा वाटून खात!

त्या वर्षी परिचय-पत्रासाठी फोटो द्यायची मुदत नेमकी तेव्हाच संपत होती. सावरगावच्या एका पोरानं मला विचारलं, "मॅडम, पट्टीसकट फोटो चालते का?"

मी म्हटलं, "चेहरा दिसला पाहिजे. बाकी काही नियम नाही."

झालं! त्यानं कपाळभर पट्टीसकट फोटो काढला आणि तोच परिचय-पत्रावर चिकटला.

मार्चमध्ये परीक्षा. बाहेरून आलेले एक कडक सर हॉलमध्ये ओळखपत्रं तपासून राहिले होते. ह्याच्याजवळ थांबले. फोटोत पट्टी, समोर कोरं कपाळ. सर म्हणाले, "हा तू नाहीस. ऊठ!"

पेपर सुरू व्हायला पाच मिनिटं. पोरगं घामानं भिजलं. शिपाई मला बोलवायला आला. मी धावत वर गेले, तोवर पोरानं खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधलासुद्धा होता. "आता पाहा सर!"

सरांनी फोटो डोळ्याजवळ धरला. "फोटोत पट्टीवर रक्ताचा डाग डाव्या बाजूला आहे. तुझी गाठ उजवीकडे."

मी सांगून पाहिलं, की हा फॉर्म माझ्याच हातानं घेतला आहे. सर ऐकेनात. म्हणे, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार पाहिजे!

मागच्या बाकावरून पांढुर्ण्याचा एक पोरगा उभा राहिला. "सर, हाच आहे तो. जखमेची खूण डाव्याच बाजूले आहे, केस बाजूले करून पाहा."

"तुला कसं माहीत?"

"गोटा मीच मारला होता जी!"

*

आणि कुंदा.

रामाकोन्याच्या पलीकडल्या खेड्यातली. वडील नव्हते, आजोबांकडे वाढलेली. ती एका सोमवारी खिडकीशी आली आणि विचारलं, "मॅडम, वर्गात पोरी किती आहेत जी?" मी सांगितलं. तिनं वहीत लिहिलं आणि निघून गेली. फॉर्म नेला नाही.

मंगळवारी आली. "शेवटचा तास सुटल्यावर परतीची गाडी भेटते का?" भेटते, म्हटलं. लिहून गेली.

बुधवारी, "पोरींचे बाक येगळे आहेत का?" गुरुवारी, "पाण्याची सोय आहे का? अन् बाथरूम?" शुक्रवारी, "साडीच नेसा लागते का?"

रोज गाडीनं यायचं, एक प्रश्न विचारायचा आणि परत. शुक्रवारी मी चिडलेच. "पोरी, उद्या शेवटची तारीख आहे. तुला शिकायचं आहे का नाही?"

तिचे डोळे भरले. "मले तं शिकाचंच आहे. हे प्रश्न माह्ये नाहीत मॅडम, आबाजीचे आहेत. रोज सांजेले एक नवा काढते. मी म्हणतो, विचारून येतो. तेवढ्यावर ते चूप होते. पोळ्यानंतर पाहुणे येऊन राहिले मले पाहाले. ॲडमिशन झाली तं आबाजी त्यायले थांबवतीन. नाही झाली तं..."



शनिवारी खिडकी बंद व्हायला अर्धा तास होता तेव्हा ती आली. मागे आबाजी. पांढरं धोतर, काखेत छत्री, मिशा ओल्या. कुंदा बाजूला झाली आणि म्हातारा स्वतः खिडकीशी वाकला.

"रोज आमच्या पोरीले उत्तर देणाऱ्या मॅडम तुमीच का?"

"हो जी, मीच."

"सगळे उत्तर बरोबर आहेत. मी गाडीचा टाइम पण पाहून आलो. आता शेवटचं विचारतो." त्यांनी छत्री टेकवली. "तुमी सोता कॉलेज केलं का?"

आठ वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी अकरावी पास; आमच्या वेळी कॉलेजला तेवढं चालायचं. लग्न झालं, पुस्तकं माहेरी राहिली, आणि टायपिंग येत होतं म्हणून ही नोकरी लागली. एवढ्या पोरापोरींना मी त्या दारातून आत पाठवलं, पण स्वतः एका वर्गातही बाकावर बसले नव्हते.

बडे बाबूंचा पेन थांबला. त्यांना माहीत होतं. कुंदा माझ्याकडे पाहत होती. एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं, आणि म्हाताऱ्याला ते कधी कळलंही नसतं.

मी ड्रॉवर उघडला. दोन फॉर्म काढले, एक रेग्युलरचा आणि एक प्रायव्हेटचा, म्हणजे वर्गात न येता नुसती परीक्षा देणाऱ्यांचा. रेग्युलरचा कुंदाच्या हातात दिला. प्रायव्हेटच्या पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं, शाईवर फुंकर मारली आणि कागद खिडकीच्या गजाला टेकवून आबाजींसमोर धरला.

"बीए फर्स्ट इयर," मी म्हटलं. "करून राहिली जी!"

आबाजींनी कागद पाहिला. मला पाहिलं. मग वळून कुंदाच्या पाठीत छत्रीची मूठ टेकवली.

"लिही नं वो पोरी लवकर! बाई तुह्या पुढं निघून राहिली!"