खळ्यावरचा वातमापक

‘या भागात वीज करण्याजोगा वारा नाही’ असं रिपोर्टात लिहून झालं होतं. पाच महिन्यांच्या रीडिंगमध्ये काही दम नव्हता. सही तेवढी बाकी होती.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. जळकोटच्या पुढं माळावरच्या तीन वाड्यांत वीज नव्हती आणि तारा ओढणं ऑफिसला परवडत नव्हतं. वाऱ्यावर वीज करता येईल का, हे बघायला मला, ज्युनियर इंजिनियरला, पाठवलं होतं. मी ‘नाही’ म्हटलं की वाड्यांची नावं यादीतून जाणार होती.

वातमापक म्हणजे खांबावरची भिंगरी. वाऱ्यानं वाट्या फिरतात, फेऱ्या मोजल्या की वेग कळतो. माझा खांब रेस्ट हाउसच्या मागं होता. वॉचमन जवळ, चहाही जवळ.

रेस्ट हाउस झाडायला येणाऱ्या कोंडाबाई त्यातल्याच एका वाडीच्या, साठीच्या पुढच्या. काय निघालं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

“सायेब, तुमचा खांब बंगल्याच्या आडोशाला हाय. हितं वारं कुठून येणार? आमी उपणायला वर खळ्यावर जातो.”

मळणी झालेलं धान्य उंचावरून सोडायचं. भूस उडून जातं, दाणे खाली पडतात. ही उपणणी. वारा नसला की काम ठप्प, म्हणून खळं वाऱ्याच्याच जागी करतात. त्या जागेवरून मी कितीदा गेलो होतो. दोन वर्षं ज्वारीच आली नव्हती, त्यामुळं मला तिथं नुसता मुरूम दिसला. माझी मलाच लाज वाटली.

खळ्यावर मोजायची परवानगी मागितली, तेव्हा डेप्युटी साहेब म्हणाले, “ऑर्डरमध्ये रेस्ट हाउस लिहिलंय.”

“रेस्ट हाउसचं आवार लिहिलंय, साहेब. भिंतीमागची जागा मी निवडली.”

“मग चूक तुमची, असं लिहून द्या. मुदतवाढ देतो.”

लिहून दिलं. जुना खांब तसाच ठेवला, स्टोअरमधला दुसरा वातमापक खळ्यावर लावला आणि दोन्हींची रीडिंग रोज घेतली. खळ्यावर वेग दीडपट निघाला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वाऱ्याचा वेग दीडपट झाला की त्यातून मिळणारी वीज तिपटीच्या वर जाते. रिपोर्टात ‘नाही’चं ‘आहे’ झालं. इतक्या आनंदानं मी नोकरीत दुसरी सही केलेली आठवत नाही.

लहान पवनचक्की मंजूर झाली तोवर पाऊस परतला होता, ज्वारीही आली होती. जागा आखताना कोंडाबाई सूप घेऊन हजर.

“चक्की कडंला उभी करा. आमचं वारं आडवू नका म्हंजे झालं.”

कडेलाच केली. बॅटऱ्या भरू लागल्या आणि तिन्ही वाड्यांत घरटी एक दिवा लागला.

रिपोर्टात ‘जागा निवडीचा आधार’ असा रकाना होता. मी ‘उपणणी’ लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडून ‘तांत्रिक पाहणी’ केलं. मी हरकत घेतली नाही. पुढं बदली होऊन ज्या ज्या गावी गेलो, तिथं तांत्रिक पाहणी म्हणून मी आधी खळं कुठं आहे ते विचारायचो.