एका ताटात मिटलेलं

गोरेगावकडच्या आमच्या गावात कुणाचं भांडण झालं की लोक आधी व्यंकटमामाच्या घरापुढल्या वट्यावर यायचे. मामा शिकलेला न्हाई, पण त्याची एक रीत व्हती. दोघायला काय शिव्या द्यायच्या त्या तिथंच देऊ द्यायचा, अन् दमले की सुमनमामीला हाक मारायचा, "एकच ताट आन गं!" दोघं एका ताटात जेवले की मिटलं. मग त्या भांडणाचं नाव गावात कुणी काढायचं न्हाई.

मामाच्या पोराचं, सोमेश्वरचंबी तसंच झालं. विहिरीच्या मोटारीवरून त्यानं भावकीतल्या हरीशचं डोकं फोडलं. हरीशच्या बापानं ठाण्यात गुन्हा नोंदवला. मामानं पोराला कान धरून वट्यावर आणलं. जेवताना हरीश म्हणला, "काकू, याला भाकर कमी वाढा, हाताला लई जोर आलाय." सगळे हसले. मिटलं. ठाण्यातलं मिटवायला कुणी गेलंच न्हाई. मामाला वाटलं, गावात मिटलं म्हंजे सगळीकडं मिटलं.

पुढं सोमेश्वर बीएसएफमधी लागला. धावून धावून पोराचे पाय सुजायचे, मामी तेल चोळायची. ट्रेनिंगला जायच्या येळी कागद भरायचे व्हते. त्यात विचारलं व्हतं, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला का.

सोमेश्वरचा पेन थांबला. "बाबा, हरीशचं लिहू का?"

"काहून? मिटलं ना ते."

"ठाण्यात तर हाय की."

"अरे, तो तुझ्या ताटात जेवला. आता तेच उकरून सरकारला कळवतूस? माझ्या शब्दाला काय किंमत राहिली मग? न्हाई म्हून लिही."

पोरानं न्हाई लिहिलं.

पारावर बसणारा हरिचंद चेष्टा करायचा, "व्यंकटराव, तिकडं खोटं पकडायची मशीन लावतेत म्हणं!"

"लावू दे की. आपून कुठं खोटं बोलून राहिलो?"

अन् मामाला मशीन लावली असती, तर काटा हलला नसता.

सोमेश्वर ट्रेनिंगला गेला, अन् मागून गावात चौकशीला माणूस आला. ज्याला विचारलं त्यानं सांगितलं, पोरगं गाईवानी गरीब. हरीशनं तर डोक्यावरची खूण दाखवून बैलाचं शिंग लागलं म्हून सांगितलं. गावानं मामाचा शब्द बराबर पाळला. ठाण्यात मात्र सगळं लिहिलेलं व्हतं.

थोड्याच दिवसात सोमेश्वर पेटी घेऊन जीपमधून उतरला. ट्रेनिंगचे साहेब म्हणले व्हते, मारामाऱ्या पोरायच्या होत असतेत, लिहिलं असतं तर बघितलं असतं. लपवलं, म्हून घरी जा.

मामीला काय सुचंना. तिनं बापलेकापुढं एकच ताट ठेवलं. मामानं घास मोडला. सोमेश्वरचा हात मांडीवरच.

"बोल की रे काहीतरी," मामा म्हणला. "वट्यावर लोक शिव्या देतेत, तू बी दे. मोकळा हो."

"काय बोलू बाबा? मिटलं ना."

तवापसून मामाचं जेवण तुटलं. पोरगं वसमतला हळदीच्या गोदामावर वॉचमन राहिलं, सणालाबी येईना. दोन भाऊ बांधाचं भांडण घेऊन आले, मामी सवयीनं ताट घेऊन बाहेर आली. मामा म्हणला, "ठेव ते आत. जा बाबाहो, आधी ठाण्यात जा." मग वट्यावर कुणी यायचंच बंद झालं. मामा एकटाच बसायचा, जीप आली की मान वर करायचा. चैताच्या उन्हात वट्यावरच गेला.

सोमेश्वर आला, त्यानं अग्नी दिला. रडला न्हाई. घरात चूल पेटली नव्हती, सांच्याला कडू घासाचं पिठलं-भाकर घेऊन हरीशच आला. सोमेश्वरसंगं खाली बसला. मामीनं न विचारता दोघात एक ताट मांडलं, पिठलं वाढलं. हरीशनं हात घातला.

सोमेश्वरनं ताट हरीशकडं सरकवलं.

"आई," तो म्हणला, "मला येगळं वाढ."